घारीच्या नजरेचा तांडेल

"छापाला काय जातंय? कागद लोकांचा, शाई लोकांची, नि तोंड तं काय, फुकटचाच. घारीची नजर म्हने! त्या घारीला तरी इचारलं का कोनी?"

केसर हे समोरच्या नारळाला सांगत होती. खोबरं खवताना ती नेहमी हातातल्या वस्तूशीच बोलायची. माणसांशी बोलायला तिला सवड कुठली? पण कुडाच्या पलीकडे ओटीवरच्या बाजेवर तिचा दीर तुळशीराम पडला होता, आणि आज त्याने कूस बदलली होती. एरवी तो धडका कान उशीत घालून झोपे, म्हणजे उघडा राहायचा तो बहिरा कान. घर जळलं तरी त्याला पत्ता लागला नसता. आज धरमतरपासून सामान वाहून त्याचा खांदा धरला होता, म्हणून तो दुसऱ्या अंगावर वळला, आणि नारळासाठी असलेलं बोलणं त्याला मिळालं.

"वैनी, माझ्यावर रागावलाय का?"

खवणीचा आवाज थांबला.

"अगो बाय! भावजी, तुमी जागं? तुमच्या त्या अंगाला ऐकू येत न्हाय ना?"

"आज या अंगावर झोपलो."

"आजच झोपाचा व्हता?" केसर म्हणाली, आणि पुन्हा खवायला लागली, पण आता गुपचूप.

घारीची नजर तुळशीरामनेच लिहिली होती, हे खरं. लढाईच्या वेळी तो पलटणीत भरती झाला तेव्हा कोळ्याचा पोर म्हणून साहेबांनी त्याला बसऱ्याकडे नदीतल्या लष्करी बोटीवर घातलं. तिथे तोफांनी त्याचा एक कान खाल्ला आणि हुकूम ओरडायचा पत्र्याचा भोंगा तोंडाला लागला. लढाई संपली, पण भोंगा सुटला नाही. त्याच बोटीवरचा एक साहेब पुढे मुंबईच्या एका कॉलेजात खेळांचा कारभार बघायला लागला आणि त्याने तुळशीरामला जिमखान्यात ओढलं. आधी मैदानावर चुना मारायला. मग धावांचा फळा रंगवायला. मग सामन्यांच्या जाहिराती भिंतींना चिकटवायला, आणि सामना संपला की सायकल मारत वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या गाठून निकाल द्यायला. पलटणीत चार अक्षरं शिकला होता, ती इथे कामाला आली.

पेपरवाल्यांना नुसता निकाल नको असतो, हे त्याच्या लवकर ध्यानात आलं. कॉलेज जिंकलं म्हणून सांगितलं तर ते कोपऱ्यात छापत. आपला गडी वाघासारखा तुटून पडला म्हणून सांगितलं तर वर, ठळक. तेव्हापासून त्या कॉलेजात एकही साधा खेळाडू उरला नव्हता. गोलंदाज सगळे विजेसारखे, पळणारे सगळे वाऱ्यासारखे, आणि जे हरून यायचे ते सगळे अखेरपर्यंत झुंजलेले.

मग सख्ख्या भावालाच तेवढं साधं कसं ठेवायचं? दादूसने, म्हणजे विठोबाने, तो लढाईवर असताना घर सांभाळलं, होडी सांभाळली, म्हाताऱ्या आयशीला धीर दिला. त्याचं नाव एकदा तरी मुंबईच्या कागदात यावं असं तुळशीरामच्या फार मनात होतं. म्हणून श्रावण लागताच त्याने बातमी दिली: रेवदंड्याच्या नारळी पुनवेच्या शर्यतीत 'घारीच्या नजरेचा अजिंक्य तांडेल विठोबा' सुकाणू धरणार. कॉलेजचे विद्यार्थी शर्यत बघायला येणार. ताशे, बॅण्ड, फटाके, सगळं तुळशीरामनेच ठरवलं होतं. आजवर ही शर्यत गावची गावातच असायची. जिंकणारा आधी ओरडायचा, मग हरलेल्याकडे जेवायला जायचा.

"भावजी," केसर दारात येऊन उभी राहिली. हाताला खोबरं लागलेलं तसंच. "उद्या सुकाणू तुमी धरा."

"मी?" तुळशीराम उठूनच बसला. "वैनी, सुकाणू सोडून मला वर्षं झाली. आता मी खडू धरतो."

"हाताला आठवतंय सगला."

"पण दादूस असताना मी कसा?"

"तेच तं. धाकट्या भावानं धरला तं कोन काय बोलनार? लष्करी मानूस, मुंबैचा पाव्हना, मान दिला म्हनतील."

"दादूसला काय झालंय का?"

केसरने बोटांना चिकटलेलं खोबरं एकेक करून काढलं. "त्यांना? त्यांना काय व्हतंय! धडधाकट हायत," म्हणाली आणि आत गेली.

तुळशीरामने पुढे विचारलं नाही. त्याला भीती वाटली, आणि ती भावासाठी नव्हती. त्यांच्या घरात रीत अशी की थोरल्याच्या हातून सुकाणू सुटलं तर ते धाकट्याच्या हातात जातं. जावई असला तरी मागनं. विठोबाला मुलगा नव्हता, एकुलती एक नलू. म्हणजे थोरल्याला काही झालं, तर धाकट्याने मुंबईचं बिऱ्हाड मोडायचं, मैदान सोडायचं, शनिवारची ती पोरांची आरोळी सोडायची. बायको मागेच वारली होती, तिच्यामागे तेवढं एक मैदानच त्याला घरासारखं झालं होतं.

---

दुपारच्या भरतीला होडी खाडीत फिरवून बघायची होती. होडीचं नाव आवडाबाई, विठोबाच्या आजीचं. आवडाबाईला निळा रंग देऊन वर पिवळी रेघ मारली होती, आणि रंग अजून चिकट असल्यामुळे सगळे खलाशी मागून निळे दिसत होते.

विठोबा सुकाणूवर बसला. तुळशीराम त्याच्या शेजारी, धडका कान भावाकडे करून. पुढे अगदी टोकाला, नाळेवर, सदा, नलूचा नवरा.

सदा म्हसळ्याकडचा. घरात इतका मुका की आमटीत मीठ नसलं तर मीठ मागत नसे, अळणीच जेवून उठे. तुळशीरामने त्याचा आवाज लग्नात ऐकला होता, नाव घेताना, तोही ढकलून. आणि आज होडी काठापासून सुटली मात्र, हा माणूस सुरू झाला.

"वाऽ, दत्ताचा डोंगर आला बघा जोडमाडावर! आला... आला... बसला! आता सरल हाय सगला, सरल हाय. ती पोरा बघा काठावर, उगडीच नाचतात. आता कोर्लईची सोंड उगडली. उगडतेय... उगडतेय... म्हातारी बसलीय उजवीकडं दात काडून, दोन होड्या लांब. दीड होडी. गेली म्हातारी मागं!"

म्हातारी म्हणजे खाडीच्या तोंडाशी भरतीत बुडणारा खडक, सोंड म्हणजे पाण्यात घुसलेलं डोंगराचं टोक, आणि काठावरच्या दोन माडांच्या ओळीत डोंगर बसला की होडी सरळ वाटेवर. खलाशी हसत होते. त्यातला रंगू वल्हं मारता मारता तुळशीरामला म्हणाला, "काका, घरी नलूताई बोलाला देत न्हाय ना, म्हनून सगला हितं सांडतो." पुन्हा हशा. विठोबाही हसला. समोर बघत, सुकाणू जरासं दाबत.

तुळशीरामला गंमत वाटली म्हणून त्याने हाक मारली, "जावईबापू, म्हसळ्याला भात कसा आहे यंदा?"

सदा मागे वळला. घरच्यासारखाच गप्प झाला. तेवढ्यात आवडाबाईचं नाक एका बाजूला घसरलं. फार नाही, वल्ह्यावरच्यांना कळलंही नसेल. पण तुळशीराम भावाच्या इतका जवळ होता की त्याला भावाचं तोंड दिसलं. मान किंचित कलती, ओठ अर्धे उघडे, भुवया वर. समोर पाणी होतं, डोंगर होता, आणि विठोबा त्यातलं काहीच बघत नव्हता. तो कान देत होता.

हा चेहरा तुळशीरामच्या ओळखीचा होता. गर्दीत कोणी बोललं की तो स्वतः असाच करी. कॉलेजची पोरं त्याची नक्कल करायची.

"बरा हाय भात," सदा घाईने म्हणाला, आणि पुढे वळला. "डोंगर सुटला माडावरनं, डावीकडं सुटला... आला परत. बसला!"

आवडाबाई सरळ झाली.

परत येईपर्यंत तुळशीराम एक शब्द बोलला नाही. दादूस कानाने होडी हाकत होता. किती दिवस, देव जाणे. आणि उद्या काठावर ताशे असणार, बॅण्ड असणार, फटाके असणार, कॉलेजची सगळी पोरं घसा फोडणार. हे सगळं आपणच हौसेने बोलावलंय. त्यात नाळेवरच्या माणसाचं बोलणं मागे पोहोचायचं कसं? मुंबईला डोळ्यातला मोतीबिंदू काढतात, हे त्याला माहीत होतं. जिमखान्यातल्या म्हाताऱ्या माळ्याचा काढला होता. पण काढायचा तर आधी आहे म्हणावं लागतं. आणि ज्याने ते म्हणायचं, त्यानेच मग सुकाणू धरायचं.

काठावर उतरताना विठोबाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. लोकांना वाटलं, भाऊ भावाला मायेने धरतोय. तेही खोटं नव्हतं.

---

होडी दोराने बांधून सदा हात धुत होता तेव्हा नलू आली. तिला सातवा लागला होता, वाळूतून चालताना ती आधी पोट पाठवायची, मग आपण जायची.

"काका काय बोलला?"

"काय न्हाय."

"त्याला कलला."

"व्हय. वाटेत एकदम गप बसला."

"मग तू बोल आता. आज बोल. उद्या त्या ढोलांत तुजा सोंड नि माड कोनाला ऐकू जानार? रंगूला ठार कराचा हाय का, तुला मराचा हाय?"

सदा पाणी झटकत राहिला. मग म्हणाला, "मी बोललो तं लोक काय म्हनतील? जावयाला होडी पायजे."

"पायजे ना तुला?"

"पायजे," सदा म्हणाला. "म्हनून तं बोलता येत न्हाय."

असा नवरा करून दिल्याबद्दल नलूने मनातल्या मनात बापाला शिव्या दिल्या, आणि मग नवऱ्याच्याच आधाराने घराकडे चालायला लागली.

---

दिवस मावळायच्या आधीच सगळे ओटीवर जमले. उद्याच्या नारळाला सोनेरी कागद लावायचा होता. म्हातारी नीराबाई, विठोबा-तुळशीरामची आई, कागद हातात घेऊन सगळ्यांना हुकूम सोडत होती आणि स्वतः नारळाला कोणाला हात लावू देत नव्हती. करंज्या तळून झाल्या होत्या. घरभर वेलची आणि खोबऱ्याचा वास.

विठोबा उंबऱ्याशी बसला होता. मागे दाराला त्या बातमीचं पेपरचं कात्रण खळीने चिकटवलेलं, बरोबर त्याच्या डोळ्यांच्या उंचीला. दिसत होतं तेव्हाही त्याला वाचता येत नव्हतं; पण येणाऱ्या-जाणाऱ्याकडून त्याने ते वाचून घेतलं होतं, आणि नलू सांगायची की घारीच्या ओळीला बा जरासा ताठ बसतो.

त्याच्यापुढे आता माणसं होती, म्हणजे हलणारे ठिपके होते. तांदळाच्या पेजेतून बघावं तसं सगळं. आयस पांढरी, कारण लुगडं पांढरं. केसर हिरवी. तुळश्या लांब. आवाजावरून मात्र त्याला सगळे लख्ख दिसत. आणि आज सगळ्यांचे आवाज जरा वर लागले होते.

तेवढ्यात मैना आली. रंगूची आई, दोन घरं पलीकडची, नवरा दर्यानेच नेलेली. पदराखाली झाकून करंज्यांचं ताट.

"तांडेल, ह्या तुमच्यासाठी. रंगूचा बापूस गेल्यापासून मी त्याला कोनाच्या होडीत बसूं देत नवते, तुमाला ठावं हाय. पन तुमच्या होडीत असला की मी सुखानं निजते. आता तं कागदात बी आलाय. काय ता, घारीची..."

"नजर," नीराबाईने पुरवलं. तिला ते पाठ होतं.

"त्याच नजरंत ठेवा माज्या पोराला," मैना म्हणाली, आणि तांडेलाच्या पाया पडून गेली.

ती गेली तशी ओटीवर सगळे एकदम बोलले.

"माज्या सपनात काल एकवीरामाय आली," नीराबाई म्हणाली. "म्हनाली, यंदा सुकाणू धाकट्याच्या हातात दे."

"मायच्या सपनात नवं काय?" विठोबा म्हणाला. "ती दरसाल येतेय नि दरसाल तुळश्याला मुंबैवरनं बोलावतेय."

"अवो, तुमची कंबर," केसर म्हणाली. "सकाली उठताना तुमी..."

"माजी कंबर तुज्यापेक्षा बरी हाय."

"बा, मी नवस बोललेय," नलू म्हणाली. "बाल सुखरूप व्हावा म्हनून. पोराच्या बापानं यंदा..."

"बाल येवाचा हाय तीन म्हैन्यांनी, नि नवस फेडतेस उद्या?"

तुळशीराम खाकरला. इतक्या वर्षांत त्याने सांगितलेलं लोकांनी कधी मानलं नाही असं झालं नव्हतं. "दादूस, विलायतेत कशी रीत आहे ठाऊक आहे का? तिथल्या शर्यतीत मुख्य कप्तान सुकाणूला हातच लावत नाही. तो पुढे नाळेवर निशाण घेऊन उभा राहतो. फोटो त्याचाच निघतो. सुकाणू दुसरा कोणी धरतो, त्याला मान नाही. उद्या फोटोवाले येणार, तर मला वाटलं..."

"नाळेवर सदा असतो."

"सदा मागे जाईल."

सदाने खाली बघितलं. विठोबाला ते दिसलं नाही, पण सदा बसल्या जागी चुळबुळला ते त्याने ऐकलं. अरेरे, किती माणसं कामाला लागली होती! आयशीने देवी उठवली, बायकोने कंबर मोडली, पोरीने न जन्मलेलं नातवंड पुढे केलं, भावाने विलायत आणली. आणि तो पोरगा, मुलखाचा मुका, दर्यावर गेला की घसा बसेस्तोवर बडबडायचा. लोक हसायचे त्याला, आणि तो हसू देत होता. विठोबाला एकदम हसूच आलं. पोटातून आलं. त्याने एक करंजी उचलली, तोंडात घातली, चावून खाल्ली. सगळे वाट बघत राहिले.

"सुकाणू सदा धरील," तो म्हणाला.

नीराबाईच्या हातातला सोनेरी कागद चुरगळला. "नि धाकटा भाव असताना? रीत काय हाय आपली?"

"आये, तुज्या धाकट्याला आता म्हातारीचा खडक कुटं हाय ता तरी ठावं हाय का? काय रं तुळश्या?"

"उजवीकडे," तुळशीराम म्हणाला.

"जाताना उजवीकडं. येताना?"

तुळशीरामने एक हात उचलला, मग दुसरा. नलू तोंडाला पदर लावून हसली. केसरही हसली, आणि मग तिने चटकन तोंड फिरवलं.

"त्याला त्याच्या पोरांत जाऊं दे, आये. तो तिथं बरा हाय. रीत होडी बुडवाला नाय केली कोनी."

तुळशीरामच्या छातीवरचं ओझं उतरलं, आणि ते उतरलं याचीच त्याला लाज वाटली. लाज झाकायला त्याने कामाचं काढलं; कामाचं त्याला नेहमी सुचायचं.

"ठीक आहे. पण दादूस, बातमी छापून गेलीय. माणसं तुझं नाव ऐकून येणार. उद्या सुकाणूवर सदा दिसला की विचारतील, तांडेल का नाही? मला भोंग्यातून काहीतरी सांगावं लागेल. हाताला लागलंय सांगू? आमच्यात असंच सांगतात. गेल्या साली आमचा फलंदाज घाबरून घरी बसला, मी बोट मोडल्याचं दिलं. अजून लोक त्याला बोट विचारतात."

"हात धड हाय माजा. दाखव म्हनले तं?"

"मग ताप."

"ताप असता तं पाया पडताना कलला नसता? ही मैना सांगत फिरेल गावभर."

"मग तूच सांग, काय सांगू?"

विठोबा उठला. उठताना त्याने हात पुढे केला. केसर होती तिथून उठून जवळ आली, पण त्याला धरू का नको हे तिला कळेना, म्हणून नुसती उभी राहिली. त्याने चाचपून तिचा खांदा शोधला आणि सगळ्यांसमोर, प्रथमच, त्यावर भार टाकला.

"खरा हाय ताच सांग," तो म्हणाला. "मैनेला बी ऐकू जाईल असा मोठ्यानं सांग. विठोबाला दिसत न्हाय."